दीड साडी ऊन

माझ्या घरमालकीणबाई ऊन साडीत मोजायच्या. "आज एक साडी लागंल." "आज उघडंच राहू दे." "अगं, दोन साड्यांचं ऊन हाय बाहेर, आन् तू खिडकी सताड उघडून बसलीस?" पहिल्या आठवड्यात ही वाक्यं कानावर पडली तेव्हा मी मनात म्हटलं, बाई जरा सटकलेल्या दिसतात, खोली घेण्याआधी आणखी दोन ठिकाणी बघायला हवं होतं. पुढे सहा वर्षं मी तिथेच राहिले. आता कुणी त्यांना सटकलेल्या म्हटलं तर मी भांडायला उठते.

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नुकतीच लागले होते. सकाळची पाळी, दुपारी साडेतीनला घरी. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि समोर आलेला नग पास की रिजेक्ट, एवढाच प्रश्न. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकासाठी वाद घालणाऱ्या मला साडीत मोजलेलं ऊन पचणं अवघडच होतं.

घर मखमलाबादच्या रस्त्याला, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मागची वेगळ्या दाराची खोली माझी, बाकी घरात मावशी, त्यांचा मुलगा आणि सून. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायचे. ती इमारत त्यांच्याच द्राक्षबागेच्या एका तुकड्यावर उभी होती. दुसरा तुकडा हॉलच्या खिडकीसमोर होता. तो मी राहायला जायच्या आदल्या वर्षी विकला गेला. वेली उपटल्या, तारा गुंडाळल्या आणि भोवती पत्रे ठोकले. बागेतलं एवढंच घरी आलं: एक छाटणीची कात्री आणि जुन्या साड्यांचं एक भलंमोठं गाठोडं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नाशिकच्या आसपास फिरलेल्या माणसाला या साड्या माहीत असतात. घड उन्हानं भाजू नयेत म्हणून शेतकरी जुन्या साड्या विकत आणतात आणि द्राक्षाच्या ओळींवर बांधतात. गुलाबी, पोपटी, जांभळ्या. सगळी बाग लग्नाला निघाल्यासारखी दिसते. चाळीस वर्षं बाग केलेल्या मावशींना कुठल्या साडीतून किती ऊन गळतं हे तोंडपाठ होतं. सुती साडी म्हणजे एक. नायलॉनची म्हणजे अर्धी. दीड साडी म्हणजे सुतीवर नायलॉनची. हे एकदा समजलं की मग त्यांच्या बोलण्यात वेडेपणाचं काही उरत नव्हतं, उरत होता तो फक्त आपला अडाणीपणा.

हे सगळं चालायचं ते हॉलमधल्या एका झाडासाठी.

झाड आणलं होतं सुनेनं. फायकस, माणसाच्या खांद्याएवढं, बारीक चकचकीत पानांचं. नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं, इनडोअर आहे मॅडम, ऊन लागत नाही. म्हणून सुनेनं ते टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो तिथे, शोभेला ठेवलं. महिन्याभरात खाली पानांचा सडा पडायला लागला. सून बिचारी ओला फडका घेऊन पानं पुसत बसायची. मावशींनी आठ दिवस बघितलं आणि नवव्या दिवशी कुंडी स्वतः ओढत खिडकीपाशी आणली.

"ऊन लागत नाय असं झाड म्हंजे प्लास्टिकचं," त्या म्हणाल्या. "हे तर वडा-पिंपळाच्या, नांदुर्कीच्या घरातलं दिसतंय. पान बघ, चीक बघ. नांदुर्कीची भाची हाय ही. हिला ऊन लागतं, पण झेपंल एवढंच."

तिथून ते झाड सुनेचं राहिलं नाही. सुनेनंही मोठ्या मनानं सोडून दिलं. मावशींनी त्याची लहान कुंडी काढून टाकली आणि निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या पिंपात त्याला हलवलं. सुनेच्या सोफ्याशी तो निळा रंग अजिबात जुळत नव्हता. मग खिडकीच्या गजांना साड्या लागल्या. सुनेचे निवडून आणलेले पडदे घडी होऊन कपाटात गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत द्राक्षबागेच्या फिकुटलेल्या साड्या फडफडायला लागल्या. खालून जाणारे लोक समजायचे, यांच्याकडे रोजच मोठं धुणं असतं.

मावशींच्या घरी पाहुण्यांना मानानं बसवलं जायचं आणि अर्ध्या तासात उठवलं जायचं. "उठा जरा, ऊन आलं," असं म्हणून मावशी पाहुण्यांची खुर्ची सरकवायच्या आणि तिथे झाड आणून ठेवायच्या. एकदा तर मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी तीन वेळा उठवलं. चौथ्या वेळी ते स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, "आता झाडाला कुठं बसायचंय?" पिंप ओढून मावशींची कंबर धरायला लागली, तेव्हा मी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून बेअरिंगची चाकं लावलेला लोखंडी पाट करून आणला. त्या दिवसापासून मी भाडेकरूची घरची झाले.

दर सोमवारी झाडाला पाव फेरा द्यायचा. पिंपावर कुंकवाची चार बोटं ओढलेली होती, कुठलं बोट खिडकीकडे आहे ते बघायचं आणि पुढचं आणायचं. नाहीतर झाड एकाच अंगाला कलतं. "एकाच पोराकडं बघत राहिलं की बाकीची वाकडी व्हतात," मावशी म्हणायच्या. त्यांना एकच मुलगा होता आणि तो समोर बसून हे ऐकत असायचा.

ऊन बरोबर आहे की नाही हे बघायची त्यांची रीत अशी. पानांच्या आणि खिडकीच्या मधे आपला पंजा धरायचा आणि सावली बघायची. पाचही बोटं वेगळी, धारदार उमटली तर ऊन जास्त. पंजा दिसतो पण बोटं एकमेकांत मिसळलीत, तर ते दीड साडीचं, झाडाला हवं तसं. नुसताच डाग पडला तर उपाशी. मी एकदा आमच्या कारखान्यातला उजेड मोजायचा मीटर साहेबांना विचारून घरी आणला. मावशी पंजा धरून सांगायच्या, "हे दीड," "हे एक," "हे काहीच नाय," आणि मी मीटर धरायचे. हॉलभर सात ठिकाणी बघितलं. सातही ठिकाणी त्यांचा पंजा आणि माझा मीटर एकच गोष्ट सांगत होते. मी थक्क होऊन म्हटलं, मावशी, तुमचा हात कॅलिब्रेटेड आहे. त्यांनी मीटर उलटासुलटा करून बघितला.

"ऊन किती ते ह्याला कळतं," त्या म्हणाल्या. "पण कुणाला द्यायचं ते कळत नाय. ने परत."

एका दुपारी घरोघरची माहिती भरणारी एक मुलगी टॅब घेऊन आली. मावशींचं नाव, वय विचारून झालं आणि तिनं विचारलं, व्यवसाय?

"शेती," मावशी म्हणाल्या.

मुलगा सुट्टीमुळे घरी होता. तो हळूच म्हणाला, "आई, शेती विकली आपण."

"लिही गं तू. शेती."

"पण आजी, शेती आहे कुठे?" मुलीनं विचारलं.

"ती काय, खिडकीपाशी."

मुलगी हसली, मुलगा हसला, मीही हसले. मावशी हसल्या नाहीत. मुलगी गेल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हसायचं काय त्यात? पंधरा वर्षांची असल्यापासून मी दुसरं काय केलंय? हे झाड माझ्या हातनं जगलं तर मी शेतकरी. मेलं, तर मग खुशाल लिहा गृहिणी. मी भांडणार नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर मला ते झाड म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा एक नाद वाटत होता. त्या दिवशी कळलं की बाईंनी स्वतःला पणाला लावलंय.

आणि तेच झाड मी जवळजवळ मारलं.

एप्रिल महिना होता. घरातली सगळी नारायण नागबळीच्या कार्यासाठी तीन दिवस त्र्यंबकेश्वरला गेली. जाताना मावशींनी झाड माझ्या हवाली केलं. साड्या कुठल्या, किती वाजता, पाणी किती तांबे, सगळं दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर निघताना मला त्या झाडाची दया आली. वर्षभर साडीआडचं ऊन खातंय बिचारं, एक दिवस मोकळं खाऊ दे, पोटभर. असं म्हणून मी पाट ढकलत ते गॅलरीत नेलं आणि पाळीला गेले.

साडेतीनला परतले तेव्हा अर्ध्या झाडाचा रंग उडाला होता. पानं कागदासारखी पांढरट, कडेनं तपकिरी. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन लोकांच्या चुका काढणारी मी, गॅलरीत फतकल मारून रडले.

मावशी परत आल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि भाजलेलं एकेक पान उलटून बघितलं. मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घरात वाढलेल्या पोरीला एकदम नांगराला जुंपलीस," एवढंच म्हणाल्या. मी भाजलेली पानं खुडायला हात पुढे केला तर त्यांनी तो धरला. "ऱ्हाऊ दे. अर्धं पान हिरवं हाय ना? मग ते अर्धं काम करतंय. त्याला कामावरून काढणारी तू कोण?"

संध्याकाळी त्यांनी चहा केला आणि स्वतःची गोष्ट सांगितली. चांगल्या दोन लेकरांची आई असताना, त्यातली एक मुलगी पुढे लहानपणीच गेली, बागेवर बांधायला आणलेल्या जुन्या साड्यांच्या गठ्ठ्यात त्यांना एक मोरपिशी साडी सापडली. जवळजवळ नवी. त्यांनी ती गुपचूप काढून घेतली आणि धुऊन नेसली. तेवढ्या साडीची जागा बागेत उघडी राहिली आणि आठ दिवसांत तिथले घड भाजून काळे पडले.

"सासरे एक शबुद बोलले नाय," मावशी म्हणाल्या. "पण ती भाजकी द्राक्षं महिनाभर माझ्या ताटात वाढायला लावली. आंबट, कडू, सुरकुतलेली. आन् मी ती साडी नेसून खायची."

"मग साडी?"

"नेसले की फाटेस्तोवर. एवढी महाग साडी दुसऱ्या कुणाची नसंल." आणि त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मला माफ करायची ती त्यांची रीत होती.

झाड मात्र खचलं ते खचलंच. त्यात समोरच्या पत्र्यांआड पाया भरला गेला. पावसाळ्यात खांब वर आले, दसऱ्यापर्यंत तीन स्लॅब पडले आणि दिवाळीनंतर चौथा, पाचवा. हॉलची खिडकी पूर्वेची आणि गॅलरी तिला लागूनच. पूर्वी सकाळी सातला येणारं ऊन नऊला यायला लागलं, मग दहाला, मग खिडकीच्या वरच्या वर निघून जायला लागलं. सात मजले पुरे झाले आणि ऊन यायचं थांबलं. माझ्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडायची, स्वयंपाकघराची शेजारच्या जिन्यावर. दुसरी जागाच नव्हती.

"माझ्याच रानानं माझं ऊन खाल्लं," मावशी एकदा म्हणाल्या.

सुनेनं मोबाइलवर झाडांसाठी असतात तसले दिवे दाखवले. ती मनापासून सांगत होती. पण मावशींनी मान हलवली. "दिव्यावर झाड जगवलं तर ते दिव्याचं झालं. माझं काय त्यात?" हट्टीपणाच होता तो, मी नाही म्हणत नाही. रोज सकाळी त्या पडलेली पानं ताटलीत गोळा करायच्या आणि आत घेऊन जायच्या. किती पडली हे कुणाला दिसू द्यायच्या नाहीत. खिडकीतल्या साड्या त्यांनी धुऊन, घडी करून ठेवून दिल्या. साडीतलं ऊन त्यांच्या बोलण्यातून गेलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. मी तर परतायलाच उशीर करायचे, कारण त्या झाडाकडे आणि मावशींकडे एकदम बघवत नसे.

जानेवारीत एका दुपारी मी जिना चढले तर दार उघडंच होतं आणि मावशी हॉलच्या मधोमध हात पुढे करून उभ्या होत्या.

"ये, ये, लवकर ये. चपला ऱ्हाऊ दे. बघ!"

आतल्या भिंतीवर त्यांच्या पंजाची सावली पडली होती. बोटं एकमेकांत मिसळलेली. दुपारी पावणेचारला, पूर्वेच्या खिडकीतून! मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीच्या आमच्याकडच्या भिंतीला त्या आठवड्यात पुट्टी आणि पांढरा प्रायमर लागला होता. दुपार कलली की सूर्य आमच्या छपरावरून पलीकडे जाऊन त्या पांढऱ्या भिंतीवर पडत होता आणि भिंत ते ऊन उलटं आमच्या हॉलमध्ये फेकत होती. मऊ, गाळलेलं ऊन. साडी लावायची गरजच नाही.

"सकाळी घेतलेलं दुपारी परत करतीय," मावशी भिंतीकडे बघून म्हणाल्या.

पंधरा दिवसांत झाडाच्या शेंड्यांना टाचणीच्या टोकाएवढे कोंब आले. मावशी ते मला रोज नव्यानं दाखवायच्या आणि मी रोज नव्यानं बघायचे.

मग रंगाचा झुला लागला. दोरांना टांगलेल्या फळीवर दोन रंगारी, आणि हातात रोलर. रंग गडद राखाडी, जवळजवळ काळा. हल्लीच्या इमारतींना देतात तसला. रंग वरून खाली देत येतात. पहिल्या दिवशी सातवा मजला काळा झाला. दुसऱ्या दिवशी सहावा.

मावशी साइटवर गेल्या. मी पाळी संपवून आले होते, मीही मागून गेले. साइटवरचा इंजिनीअर माझ्याच वयाचा, नम्र मुलगा होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "आजी, कलर स्कीम फायनल झाली आहे. माझ्या हातात काही नाही. शेठच सांगू शकतील."

"मग शेठला बोलाव. दुपारी साडेतीनला, माझ्या घरी. चहाला."

"ते येतील असं वाटत नाही आजी."

"त्यांना सांग, जिच्या रानात तुम्ही उभे हायेत ती बोलावतीय."

शेठ आले तेव्हा पाचवा मजला संपून चौथा निम्मा झाला होता. बिल्डर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा तो माणूस नव्हता. पायातले बूट दाराबाहेर काढून आला, वाकून नमस्कार केला. मावशींनी झाड पाटासकट बाजूला सरकवलं आणि बरोबर त्याच्या जागी शेठची खुर्ची ठेवली. चहा दिला.  मुलगा स्वयंपाकघराच्या दारात अवघडून उभा होता. जमिनीच्या व्यवहारात सगळं बोलणं त्यानंच केलं होतं.

थोड्या वेळानं शेठच्या मांडीवर उजेड आला.

"आलं का?" मावशींनी विचारलं.

"काय काकू?"

"ऊन. समोरच्या भिंतीवरनं येतंय. हे झाड तेवढ्यावर जगतंय. तुमचा काळा रंग उद्या-परवा इथवर उतरंल, मग हे बंद." त्यांनी पंजा धरून त्याला सावली दाखवली.

शेठनं खिडकीतून बघितलं, झाडाकडे बघितलं. "काकू, अर्धी बिल्डिंग काळी अन् अर्धी पांढरी कशी दिसेल? अजून फ्लॅट विकायचेत मला. मी तुम्हाला याहून मोठं झाड आणून देतो. दोन देतो."

"झाड मागितलं का मी?" मावशींचा आवाज चढला नाही. "सह्या झाल्या त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणला होतात?"

शेठला आठवलं असावं. तो खाली बघायला लागला. "काकू, मनात काही असेल तर मागा, म्हणालो होतो."

"मी काय म्हणले?"

"काही नको म्हणालात."

"तवा नव्हतं पाहिजे. आता मागते. मी तुम्हाला रान दिलं. इहीर दिली. बांधावरची सीताफळं दिली. ऊन दिलं नव्हतं. कागद वाचून घ्या, त्यात ऊन कुठं लिव्हलेलं नाय."

  त्या बाईनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि आज मागितलं ते एका भिंतीचा रंग. शेठ उठून खिडकीपाशी गेला. परत आला तेव्हा त्यानं एकच विचारलं.

"किती मजले पांढरे पाहिजेत?"

"तिसऱ्यापासून खाली," मावशी म्हणाल्या. "वरचं तुमचं. त्यात मला काही नको."

शेठनं खिशातून मोबाइल काढला, पण तोवर मुलगा दारातून निघाला होता. इतका वेळ भिंतीला चिकटून उभा असलेला तो माणूस अनवाणी जिना उतरला, रस्ता ओलांडला आणि पत्र्याच्या फाटकातून आत शिरून वर बघत ओरडायला लागला, "थांबवा! ओ भाऊ, रोलर थांबवा! खाली येऊ नका!" आम्ही सगळे खिडकीत उभे होतो. झुला चौथ्या मजल्याच्या खालच्या पट्टीवर होता आणि एक काळा ओघळ तिसऱ्यावर उतरलेला होता. रंगाऱ्यानं खाली बघितलं आणि रोलर उचलला. मुलगा मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत राहिला. मावशींनी त्याला हात केला. त्या दोघांमधे रान विकल्यापासून काहीतरी अडकून राहिलं होतं, ते त्या दुपारी मोकळं झालं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

ती भिंत अजून तशीच आहे. वर चार मजले काळे, खाली तीन पांढरेशुभ्र. पुढे गंमत झाली. लोकांना ते डिझाइन वाटलं आणि त्याच रस्त्यावर नंतरच्या दोन इमारती वरून काळ्या, खालून पांढऱ्या झाल्या. नाशिकमधल्या कुणा आर्किटेक्टनं ही टूम काढली असं मी एकाला सांगताना ऐकलं. मी त्याला थांबवून खरं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, तरी मी सांगितलंच. मला त्या भिंतीचा इतका अभिमान आहे की माझा काही संबंध नसताना मी ती लोकांना नेऊन दाखवते. आमच्या कारखान्यात मला बढती मिळाली तेव्हाही मी एवढ्यांना सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर मी इंदिरानगरला राहायला आले. गेल्या ऑक्टोबरात सुट्टी बघून मावशींकडे गेले. झाड स्लॅबला टेकलं होतं म्हणून त्यांनी बागेच्या कात्रीनं छाटणी काढली होती. सगळे बागायतदार छाटणी काढतात त्याच दिवसांत. कापलेल्या काड्या प्लास्टिकच्या पेल्यांमधे मुळं धरून ओळीनं उभ्या होत्या. मी विचारलं, एवढ्या कुणासाठी? सून म्हणाली, "समोरच्यांसाठी. तुम्हाला माहीतच नाही का?"

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या एका बाईंना खिडकीतून रोज हे झाड दिसायचं. त्या एकदा विचारायला आल्या, आमच्याकडचं फायकस वाळतंय, तुमचं असं कसं? मावशींनी उत्तर दिलं नाही, चपला घातल्या आणि त्यांच्या घरी जाऊन खिडकी बघितली. मग त्यांची शेजारीण आली. मग वरच्या मजल्यावरचे कुणी. घर बघितल्याशिवाय मावशी काडी द्यायच्या नाहीत. कुठल्या खिडकीत किती ऊन येतं ते पंजा धरून बघायचं, झाडाची जागा ठरवून द्यायची, आणि नंतर ते नीट ठेवलंय का हे बघायला परत जायचं. जिथे ऊन नव्हतंच, तिथे स्पष्ट सांगायचं, तुमच्याकडं नाय व्हायचं, उगा जीव घेऊ नका.

"चल," मावशी मला म्हणाल्या, "आलीस तशी हात लाव." दोन पेले त्यांनी माझ्या हातात दिले, दोन स्वतः घेतले.

रस्ता ओलांडून आम्ही फाटकाशी गेलो. वॉचमन नवा होता. त्यानं वही पुढे केली. "कुणाकडे जायचंय आजी? फ्लॅट नंबर सांगा."

"सगळ्यांकडं," मावशी म्हणाल्या आणि चालू लागल्या. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, लिहा, सगळ्यांकडे.

लिफ्टनं आम्ही थेट सातव्यावर गेलो आणि तिथून एकेक मजला पायी उतरत आलो. दारं उघडत होती. कुणी "या आजी" म्हणत होतं, कुणी घाईघाईनं कुंडी खिडकीकडे सरकवताना सापडत होतं. एका घरात त्यांनी झाड पाव फेरा फिरवलं, एका घरातल्या गृहस्थांना पाणी जास्त झालं म्हणून फैलावर घेतलं, एका घरी माझ्या हातातला पेला ठेवला. बावीस घरांत झाडं होती, सगळी एकाच झाडाची. तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा त्यांना धाप लागली आणि त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी म्हटलं, मावशी, पुरे आता, उरलेली उद्या बघू.

"पूर्वी अर्ध्या तासात सगळं रान फिरून व्हायचं माझं," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "आता सकाळी निघाले तरी दुपार व्हते. रान वाढलं गं पोरी."